आधी पोट बघ, मग डोळे

अगं, आले एकदाचे तुझे फोटो. उंदराचे डोळे, उंदराचं नाक, उंदराचे कान, पुन्हा उंदराचे डोळे. सगळे समोरून. पोटाचा एकही नाही! आणि खाली प्रश्न काय, तर ‘ताई, जपानी नेत्सुके आहे म्हणतात, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा, लाकडी. पहिल्या बोनसमधून घेऊ का?’

घे म्हणायला माझं काय जातंय? बोनस तुझा. पण आधी दुकानात परत जा आणि म्हणावं, जरा उलटा करून दाखवा. नेत्सुके विकणाऱ्या माणसाला ही मागणी विचित्र वाटली, तर निम्मं उत्तर तिथंच मिळालं समज.

कारण सांगते. नेत्सुके ही काही कपाटात मांडायला केलेली बाहुली नव्हे. कामाची वस्तू आहे ती. किमोनोला खिसे नसतात. बायका आपल्या चीजवस्तू लांबरुंद बाह्यांमध्ये ठेवायच्या, पंचाईत व्हायची ती पुरुषांची. मग तंबाखूची पिशवी, पैशाची थैली, औषधाच्या गोळ्यांसाठी एकावर एक बसणाऱ्या कप्प्यांची डबी (तिला इन्रो म्हणतात), हे सगळं दोरीला बांधायचं, दोरी कमरेच्या पट्ट्यामागून, म्हणजे ओबीमागून, वर काढायची आणि वरून ती सटकू नये म्हणून टोकाला काहीतरी गुटगुटीत अडकवायचं. ते गुटगुटीत काहीतरी म्हणजे नेत्सुके. आजोबांची चंची आठवते ना? पान, सुपारी, चुना, तंबाखू, सगळं एका कापडी पोटात, आणि ती खोचलेली कनवटीला. जपानी माणसाला कनवट नव्हती, म्हणून त्यानं चंची खाली लोंबती सोडली आणि वर उंदीर अडकवला, इतकंच.

आता दोरी ओवायची तर भोकं हवीत. दोन असतात, बहुतेक पोटाखाली नाहीतर पाठीमागे, आतून एकमेकांना मिळालेली. हिमोतोशी म्हणतात त्यांना. चांगल्या जुन्या कामात पुष्कळदा एक भोक दुसऱ्यापेक्षा मोठं असतं, दोरीची गाठ त्यात दडून बसावी म्हणून. आणि ती जागा उगाच निवडलेली नसते. दुकानदाराकडून एक सुतळी माग, त्या भोकांतून ओव आणि उंदीर कमरेवर असल्यासारखा धरून बघ. तोंड बाहेरच्या बाजूला यायला हवं, पोट तुझ्या अंगाला टेकायला हवं. तो डोक्यावर पडत असेल, नाहीतर लोकांकडे पाठ करून बसत असेल, तर भोकं कुणीतरी नंतर पाडली आहेत. जपानमध्ये नुसत्या शोभेसाठी कोरलेल्या लहान मूर्तीही असत, त्यांना ओकिमोनो म्हणतात. त्यांना ड्रिलनं दोन भोकं पाडली की बाजारात त्यांचा भाव बदलतो.

भोकंच दिसली नाहीत म्हणून लगेच नाक मुरडू नकोस मात्र. काही कारागीर फार हुशार. वळवलेली शेपटी आणि पाठ यांच्यामधली फट, नाहीतर दोन पायांमधली जागा, तिलाच ते दोरीची वाट करून टाकायचे. ती वाट शोधायला वेळ लागला तर लागू दे. त्यातच तर मजा आहे.

भोकं सापडली की त्यांचे काठ बघ. वर्षानुवर्षं दोरी घासली असेल तर काठ मऊ, गोलसर होतात. मग सबंध उंदरावरून अंगठा फिरव. जे भाग वर आलेले, म्हणजे पाठीचा फुगवटा, कपाळ, कानांची टोकं, ते गुळगुळीत आणि बऱ्याचदा थोडे फिकट असायला हवेत. खोलगट जागा, केसांच्या रेघा, पायांच्या बेचक्या गडद. आणि ओबीला, किमोनोला घासणारी बाजू जास्त झिजलेली. खरी झीज अशी एका बाजूला कललेली असते. खोटी झीज न्यायी असते, सगळीकडे सारखी. चहाच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखा एकसारखा तपकिरी उंदीर दिसला, की हात मागे घे.

आकारही सांगतो बरं का. बहुतेक नेत्सुके मुठीत मावतील एवढे, दीड-दोन इंचांचे. त्यांना टोकं नसतात. उंदराची शेपटी सुटी, हवेत उभी कधीच नसणार. ती अंगाभोवती गुंडाळलेली, नाहीतर पोटाखाली घेतलेली. उभी शेपटी रेशमाला अडकली असती आणि पहिल्याच दिवशी मोडली असती. म्हणून साप वेटोळं घालून, कुत्रा झोपलेला, बैल पाय पोटाशी घेऊन बसलेला. मला विचारशील तर या अडचणीतूनच त्या लोकांची सगळी कला जन्माला आली. जनावराला त्याच्या स्वतःच्या अंगात घडी घालून बसवायचं आणि तरी ते आता उठेल असं वाटायला हवं. नागोयाचा इक्कान नावाचा एकोणिसाव्या शतकातला कारागीर उंदरांसाठीच प्रसिद्ध होता. त्याच्या कामाचे फोटो बघ. पाठीचा कणा कातडीखाली कसा जातो ते त्यानं किती निरखलं असेल! आणि चांगला कारागीर खालची बाजूही तेवढ्याच मायेनं कोरतो, तळवे, बोटं, सगळं. पोटाला सपाट फळी आणि वर देखणा चेहरा म्हणजे घाईचं काम.

उंदीरच का, असं तुझ्या मनात आलं असेल. जपानी बारा वर्षांच्या चक्रातलं पहिलं जनावर उंदीर. शिवाय दाइकोकू नावाचा त्यांचा धनधान्याचा देव आहे, तांदळाच्या पोत्यांवर उभा असतो. उंदीर त्याचा सोबती. आणि हा दाइकोकू मुळात आपला महाकाल, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तिकडे गेलेला आणि तिथे जाऊन हसतमुख झालेला. म्हणजे आपला गणपती आणि त्यांचा दाइकोकू, दोघांनाही उंदराचंच वेड. तुला तो आवडला यात नवल नाही.

आता त्या दुकानदाराच्या गोष्टीबद्दल. ‘अजिंठ्याला आलेल्या जपानी साहेबांनी जाताना दिला होता.’ गोष्ट गोड आहे, आणि आपल्या गावात ती खपूनही जाते, कारण जपानी माणसं इथं खरंच येतात. बुद्धाच्या ओढीनं येतात. अजिंठा-वेरूळ परिसराच्या विकासाला १९९०च्या दशकापासून जपाननं कर्जसाहाय्य दिलं. त्यामुळे फर्दापूरच्या फाट्यापासून शहरातल्या हॉटेलांपर्यंत ‘जपानी साहेब’ हे पात्र कुठल्याही गोष्टीत सहज बसतं. पण गोष्टीला भोकं नसतात, सुतळी ओवून बघता येत नाही. साहेबानं दिल्याची चिठ्ठी, पावती, जुना फोटो काही आहे का विचार. नसेल तर गोष्ट ऐक, हस, चहा दिला तर घे, आणि पैसे फक्त उंदराचे दे.

सहीचंही तेच. पोटाखाली चौकोनात नाहीतर लंबगोलात दोन-तीन जपानी अक्षरं कोरलेली असतील, आणि दुकानदार त्यावर बोट ठेवून भाव चढवेल. ऐक, १७८१ साली ओसाकात ‘सोकेन किशो’ नावाचं पुस्तक निघालं, त्यात त्या काळच्या पन्नासच्या वर नेत्सुके कारागिरांची नोंद आहे. त्यात क्योतोचा तोमोतादा आहे, बैलांसाठी नावाजलेला. आणि त्याच्या कामाच्या नकला होतात, हेही त्या पुस्तकात लिहून ठेवलंय. अडीचशे वर्षांपूर्वी! तेव्हापासून आजवर किती तोमोतादा तयार झाले असतील, कर हिशेब. उलट कित्येक उत्तम नेत्सुकेंवर सहीच नसते. मी तर बिनसहीचा, पण हातात जिवंत वाटणारा उंदीर कधीही घेईन.

तुझा उंदीर लाकडी आहे ही मला त्यातली सगळ्यात चांगली गोष्ट वाटली. हे लाकूड बहुतेक वेळा त्सुगे असतं, पिवळसर, घट्ट, बारीक रेषा पकडणारं. काळे डोळे पुष्कळदा शिंगाचे बसवलेले असतात. पण हल्ली राळेचे साच्यातून काढलेले उंदीर ढिगानं येतात, लाकडी म्हणून आणि हस्तिदंती म्हणूनही. बाजूनं साच्याची शीव दिसते का बघ, भिंगातून बारीक बुडबुडे दिसतात का बघ. केसांच्या रेघा सगळ्या एकाच खोलीच्या असतील, कुठेच हत्यार अडखळलेलं, वळलेलं दिसत नसेल, तर तो साचा. कुणी म्हणेल तापलेली सुई टोचून बघा. अजिबात नाही. खरा असला तर तू त्याला कायमचा डाग दिलास आणि तो तुझा झालेलाही नाही अजून.

आणि त्यानं तुला ‘ताई, याच्यापेक्षा भारी, अस्सल हस्तिदंती ससा आहे आत’ असं म्हटलं, तर आत जाऊ नकोस. हे मी मोठी बहीण म्हणून नाही, कायद्याचं म्हणून सांगतेय. १९७२चा वन्यजीव कायदा आणि त्यात १९९१ साली झालेली दुरुस्ती यामुळे आपल्याकडे हस्तिदंताचा व्यापार बंद आहे, आफ्रिकेतून आलेल्याचासुद्धा. आजोबांच्या काळातला आहे, या बोलण्यानं खरेदी कायदेशीर होत नाही. घरात वारशानं आलेली वस्तू असेल तर तिच्या मालकीचं प्रमाणपत्र वनखात्याकडचं लागतं.

कायदा राहू दे बाजूला. तू अजिंठ्याला इतक्या वेळा पाहुण्यांना घेऊन गेलीस, दहाव्या आणि सतराव्या लेण्यातली छद्दंत जातकाची चित्रं पाहुण्यांना दाखवतेस की नाही? सहा सुळ्यांचा गजराज. पूर्वजन्मीचा राग धरून राणी शिकाऱ्याला पाठवते, शिकाऱ्याला सुळे कापता येईनात तेव्हा हत्ती स्वतःच त्याला मदत करतो, आणि ते सुळे समोर आल्यावर राणीचा जीव जातो. दहाव्या लेण्यातलं तर दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या डोंगरात कुणीतरी रंगवून ठेवलं. त्या गावच्या मुलीनं हस्तिदंती ससा विकत घ्यावा?

गंमत बघ, आपल्याच मुलखात हस्तिदंत कोरणारेही होते, आणि तेही मुठीतल्या वस्तू करणारे. भोकरदन आता जालना जिल्ह्यात, पण १९८१पर्यंत ते आपल्याच जिल्ह्यात होतं. तिथे १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून उत्खनन केलं. सातवाहन काळातलं भोगवर्धन ते. त्यात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा खालचा तुकडा सापडला, आणि तो इटलीतल्या पॉम्पेईत १९३८ साली मिळालेल्या भारतीय मूर्तीशी इतका जुळतो, की ती मूर्ती याच भागातली असावी असं बऱ्याच अभ्यासकांना वाटू लागलं. तेरलाही तशीच मूर्ती मिळाली, ती तिथल्या लामतुरे संग्रहालयाची शान आहे. पॉम्पेई इसवी सन ७९मध्ये राखेखाली गेलं, म्हणजे आपली बाई त्याच्या आधीच समुद्र ओलांडून पोचली होती. पुष्कळ वर्षं तिला लक्ष्मी म्हणायचे. पण तिच्या डोक्यातून खाली एक भोक पाडलेलं आहे. त्यामुळे ती पूजेची नसून कशाचा तरी भाग असावी, आरशाची मूठ नाहीतर एखाद्या लहानशा चौरंगाचा पाय, असं मानतात. चेहऱ्यावरून लक्ष्मी, भोकावरून आरशाची मूठ! म्हणून म्हणते, आधी पोट बघ, पाठ बघ, टाळू बघ. डोळ्यांवर भाळायला नंतर वेळ आहे.

ही नजर दुकानात बनत नाही. घरी बनते. आजीचा अडकित्ता आणि पाय घासायची पितळी मोरवाली वज्री माळ्यावरच्या डब्यात आहेत, काढ. आजीचा अंगठा अडकित्त्यावर कुठे टेकत होता ते चाचपून शोध. वज्रीवरच्या मोराची मान कशी झिजलीय आणि पंखाखाली नक्षी कशी कोरी राहिलीय ते बघ. हे तुझ्या माहितीतल्या हातांनी झिजलेलं आहे, याच्यात खोटेपणाचा प्रश्न नाही. ते एकदा बोटांना कळलं की कुणाचाही जपानी उंदीर तुला फसवू शकणार नाही. पुण्याला गेलीस तर दिनकर केळकरांच्या संग्रहालयात अडकित्त्यांपुढे उभी राहा सावकाश. घोडे, पोपट, माणसं, काय काय त्या एवढ्याशा सुपारी कातरायच्या वस्तूत! रोजच्या वापरातल्या वस्तूंना म्युझियममध्ये जागा असते, हे त्या माणसानं आयुष्य घालून दाखवलं; संग्रहालयाला नाव दिलं ते लहानपणी गेलेल्या मुलाचं, राजाचं.

जपानी काम बघायचं तर आपल्याला देवगिरी एक्सप्रेस आहेच. एकीकडे ती मुंबईला नेते, तिथल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात रतन आणि दोराब या टाटा बंधूंच्या संग्रहातल्या चिनी-जपानी वस्तू आहेत. दुसरीकडे हैदराबादला नेते, तिथं सालारजंग म्युझियममध्ये जपानी दालन आहे. नेत्सुकेच दिसले पाहिजेत असा हट्ट धरू नकोस. लाखेचं काम बघ, तलवारीच्या मुठी बघ. तो हात कसा चालतो ते कळलं की पुरे.

वाचायचं असेल तर एडमंड द वाल यांचं ‘द हेअर विथ अंबर आइज’ घे, २०१०चं. त्यांच्या घराण्यात २६४ नेत्सुके होते, पॅरिसला १८७०च्या दशकात एका नातलगानं घेतलेले. पुढे ते व्हिएन्नाला गेले, तिथं घरची बाई साजशृंगार करायची तेव्हा मुलं ते घेऊन तिच्या खोलीत खेळत बसायची. १९३८ साली नाझींनी घर लुटलं तेव्हा आना नावाच्या मोलकरणीनं ते थोडे थोडे करून ॲप्रनच्या खिशातून नेले आणि आपल्या गादीत लपवले. युद्ध संपल्यावर एकूण एक परत दिले. घरातली मोठमोठी चित्रं गेली, हे राहिले, कारण मुठीत मावत होते. पुस्तकाच्या नावातला ससा हस्तिदंती आहे, पण तो वाचायला हरकत नाही.

घेतलासच, तर जपायला फार काही लागत नाही, फक्त आपला मे महिना लक्षात ठेव. चाळिशीपार उन्हाळा आणि समोर ओला कूलर, यानं लाकूड तडकतं. खिडकीत नको, कूलरसमोर नको, देवघरात समईच्या धगीजवळ नको. खोबरेल तेलाचा हात तर मुळीच नको. आईला तेलाशिवाय कुठलीही लाकडी वस्तू बघवत नाही, तिच्यापासून सांभाळ. मऊ ब्रशनं धूळ काढायची, बस्स. आणि हातात घेत जा. काचेत कोंडू नकोस. स्वच्छ कोरड्या हातांचं त्याला वावडं नाही, हातानंच तर तो इतका गुळगुळीत झालाय.

आता व्यवहाराचं. शंभर वर्षांहून जुनी वस्तू म्हणजे आपल्या १९७२च्या पुरावशेष कायद्यात येते. ती कुठल्या देशात घडली याचा त्यात प्रश्न नाही. अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो आणि ती परदेशी न्यायची तर सरकारी परवानगीशिवाय नेता येत नाही. त्यामुळे दुकानदाराला शांतपणे एकच प्रश्न विचार, ‘शंभर वर्षं जुना असं पावतीवर लिहून द्याल का?’ खऱ्या मालाचा परवानाधारक माणूस लिहून देईल. दुसरा घुटमळेल, म्हणेल, ‘लिहायचं कशाला, तुम्ही घरच्याच.’ मग तू पण घरच्यासारखाच भाव कर. नव्या, हातानं कोरलेल्या लाकडी उंदराला जेवढे द्यावेसे वाटतात तेवढेच दे, एक रुपया वर नाही. नवा असला म्हणून वाईट नसतो ग. नेत्सुके कोरणारे आजही आहेत. नव्याला जुन्याचे पैसे देणं, तेवढं टाळायचं.

पावतीवर काय हवं ते लिहून घे : साहित्य काय, अंदाजे काळ कोणता, डागडुजी झाली असेल तर कुठे, आणि खोटा निघाल्यास किती दिवसांत परत. ‘जपानी शोपीस, एक नग’ अशी पावती मला चालायची नाही.

उद्या दुपारी जा, उजेड असताना. मागच्या वेळी संध्याकाळी पिवळ्या बल्बखाली बघितलास ना, म्हणून तो इतका जुना दिसला. भिंग माझ्या टेबलाच्या वरच्या खणात आहे, सुतळी स्वयंपाकघरात. पोटाचा फोटो काढलास की आधी मला पाठव, मग पैशाचं बोल. आणि आईनं किंमत विचारलीच, तर काय सांगायचं ते तुझं तू ठरव, फक्त ‘ताईनं घे म्हटलं’ एवढं सांगू नकोस.